रविवारी काठावर दिसेल त्या इंजिनाविषयी

मु. पो. हिर्डोशी, ता. भोर
मंगळवार

तीर्थस्वरूप सोमनाथकाकांना सुलक्षणाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पत्रात ते जमत नाही, पण तुम्ही रविवारी याल तेव्हा राहिलेला नमस्कार पुरा करीन).

इकडे सगळी बरी आहेत. आईचा गुडघा थंडीने धरतो. भात झोडून घरात आलं. तुमचा खोकला कसा आहे? काकू देतात तो काढा तुम्ही कुंडीत ओतता, असं तुमची लेक शेफालीताई फोनवर म्हणाली. (हे तुम्हाला लिहिलं तर चालेल का, असं मी तिला विचारलं होतं. ती "नको" म्हणाली. पण तोवर हे वाक्य लिहून झालं होतं आणि खोडलेलं पत्र मोठ्या माणसांना पाठवू नये.) काढा घेत जा.

खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्याकडे रेंज फक्त बोटीच्या धक्क्यावर येते, आणि धक्क्यावर सखूआत्या असते. ती तुमची धाकटी बहीण असली तरी तिच्यासमोर काही गोष्टी बोलण्याचं धाडस घरात कुणालाच नाही.

तर इंजिनाविषयी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते धरणाच्या मध्यावर बंद पडलं. पलीकडच्या वाडीचं दळण, बाजार, दवाखाना सगळं आपल्या बोटीवर, म्हणून आत्याने त्या दिवसापासून वल्ह्यांनी बोट चालवली. "आता तिचे खांदे राहिले नाहीत, भंगारवाल्या धनाजीला इंजिन न्यायला सांगतो, बोट बंद करा," असं तुम्ही म्हणालात ते तिच्या काळजीनेच, हे मला कळतं. पण काका, त्या रात्री आत्या जेवली नाही. आत्या जेवली नाही असं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. धक्क्यावर ती आहे म्हणून ती आत्या आहे. घरात बसली की ती नुसती पाहुणी होते. त्यामुळे धनाजी यायच्या आत कार्बोरेटर उघडायचा असं मी ठरवलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेत जायच्या आधी मी आत्याच्याच हाताखाली शिकले. अक्षरओळख व्हायच्या आधी मला नट-बोल्टचे पाने ओळखू येत होते. तिचा पहिला धडा असा, की इंजिनाचा जो भाग काढाल तो धुतलेल्या धोतरावर काढल्या क्रमाने मांडायचा, आणि मांडलेल्यावरून कुणी ओलांडून जायचं नाही. मी तसंच केलं. वरचा भाग, खालची वाटी, त्यातला पितळी फ्लोट, सुई, आणि ज्यातून पेट्रोल थेंबाथेंबाने वर जातं तो बारीक भोकाचा जेट. जेट उजेडाकडे धरला तर पलीकडचं काही दिसेना. पूर्ण बुजलेला.

मी सगळं पेट्रोलमध्ये भिजत घातलं. दिवसभर ठेवलं. काढून पाहिलं तर जेट होता तसाच. तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हा आत्याचा दुसरा धडा. मग मला वाटलं भोरला दाखवावं, शिवाय दोन भागांच्या जोडात बसणारं कागदी गॅस्केटही कुजलं होतं. कार्बोरेटर पुसून, वाळवून जेवणाच्या डब्यात घातला आणि एसटीत बसले. आता डब्याला पेट्रोलचा थोडा वास होता, आणि एसटीत ज्वालाग्राही पदार्थ नेऊ नये असं समोरच पाटीवर लिहिलेलं. मला राहवेना. कंडक्टरला म्हटलं, की पदार्थ नाही पण वास आहे, हे नियमात बसतं का? "ताई, तुमी बोलला नसता तर बसत हुतं," असं म्हणून त्याने घंटी मारली. पुढचा रस्ता मी चालत आणि नंतर एका दुधाच्या टेम्पोतून गेले. (टेम्पोवाल्यालाही मी विचारलं. तो म्हणाला, "दुधाला चालत आसंल तर मला चालतंय.")

भोरच्या मानसिंग मेकॅनिकने डबा उघडून विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हटलं, बोट. त्याने आतल्या सगळ्यांना हाक मारून तो डबा दाखवला, चहा पाजला, गॅस्केटचा कागद दिला, आणि जेट पाहून म्हणाला, असा मळ आपण आयुष्यात पाहिला नाही. एवढंच निदान घेऊन मी परत आले.

आता आत्याविषयी लिहिते. ते लिहायला मला शब्द कमी पडतात, पण तुम्ही भाऊ आहात, समजून घ्याल. मी सगळे भाग पुन्हा धोतरावर मांडले आणि रडवेली होऊन बसले. आत्या बोट बांधून आली, पदराला हात पुसले, उभ्यानेच धोतराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आगं, मुंग्या बघ की." खरंच, मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून, फ्लोट सोडून, सुई सोडून, नेमकी जेटपाशी चालली होती. आत्याने वाटीच्या कडेला बोट लावलं आणि (मी ओरडले, पण तोवर झालं होतं) जिभेवर टेकवलं. मग जीभ टाळूला लावून चव घेतली. "ग्वाड हाय," ती म्हणाली. "पेट्रोलात साखर इरघळती व्हय कुठं? पाकाची कढई तू काय राकेलानं धुतीस? पाणी ठेव तापत."

गरम पाण्यात घातल्यावर जेटमधून एक पांढरट धागा निघाला. मग आणखी एक. तिसऱ्यांदा पाणी बदललं आणि जेट उजेडाकडे धरला, तर भोकातून समोरचं चिंचेचं झाड दिसलं, काका! आत्याने चोळीच्या कात्रीने गॅस्केट कापलं. कागदावर रेघ न मारता, बोलत बोलत, आणि ते असं बसलं की कंपनीनेही मान खाली घालावी. अर्थात हे ती स्वतःच म्हणाली, आणि वाडीत एकेकाला गाठून सांगूनही आली. पण तिने सांगितलं त्यात मला एकही शब्द जादा वाटला नाही. टाकीही गरम पाण्याने धुतली, आणि उन्हात वाळवून, सायकलच्या पंपाने हवा मारून मी सगळं बसवलं.

धनाजी वजनकाटा घेऊन आला तेव्हा आम्ही नुकतं इंजिन बोटीला लावत होतो. आत्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. धनाजीने काटा उतरवला. तिसऱ्यांदा आत्याने इंजिनाला एक शिवी दिली (ती इथे लिहीत नाही), आणि इंजिन खोकलं, धुरात शिंकलं आणि सुरू झालं. आत्या धनाजीला म्हणाली, "या की दाजी, बसा, आवाज तरी ऐका." तो बसला. तिने त्याला पलीकडच्या काठावर नेलं, उतरवलं आणि म्हणाली, "आता करा वजन." मग एकटीच परत आली. तो संध्याकाळच्या खेपेला तिकीट काढून आला. त्याचं वाईट वाटून मी त्याला भाकरी वाढली, पण खोटं कशाला बोलू, वाढताना हसू आवरत नव्हतं.

इंजिन सुरू झालं हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे, ते आता रोज चालू आहे. भंगाराचा विचार आता मनातून काढावा ही विनंती. काकूंना नमस्कार, शेफालीताईला माफीसह आठवण.

तुमची आज्ञाधारक,
सुलक्षणा

ता. क. – साखर आत कशी गेली ते लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, लिहवत नव्हतं. काका, खंडेनवमीला तुम्ही इंजिनाच्या टाकीचं टोपण काढून पूजा केलीत, आणि "हे याचं तोंड" म्हणून पळीने पंचामृत पाजलंत. दूध, दही, तूप उरलं नाही. साखर आणि मध राहिला. तुमच्या भक्तीत काडीची कसर नव्हती, आणि तीच अडचण झाली.

ता. क. २ – आत्या म्हणते, दादाला हे कळवायचं नाही, त्याच्या जिवाला लागेल. पण इंजिन चालू झाल्याच्या आनंदात तुम्ही रविवारी पुन्हा पंचामृत घेऊन येणार असं फोनवर म्हणालात, तेव्हापासून मला घास जात नाही.

ता. क. ३ – आत्याने तोड काढली आहे. विहिरीवरचं बंद पडलेलं पंपाचं इंजिन तिने काल राखेने घासलं, त्याला आपल्या इंजिनासारखा निळा रंग दिला, आणि रविवारी ते धक्क्यावर झेंडूच्या माळा घालून ठेवणार आहे. आपलं इंजिन त्या वेळी पलीकडच्या काठावर असेल. तिच्या मते तुम्हाला फरक कळणार नाही. तुम्हाला असं फसवणं माझ्याने होणार नाही, म्हणून कळवते. मात्र तिने तो रंग तुमच्या मनाला लागू नये म्हणूनच दिला आहे. तेव्हा एवढंच मागते. रविवारी या, त्या इंजिनाला पोटभर पंचामृत पाजा, आणि ओळखलं आहे असं तोंडावर मुळीच दाखवू नका. थोडं पंचामृत मात्र आत्यासाठी वाटीत बाजूला ठेवा. त्या दिवशी बोटावर घेतलं, तेव्हा ते तिला फार आवडलं होतं.