बोर्डापुढे ताठ

३ फेब्रुवारी
सदाशिवचा अपंग पेन्शनचा अर्ज नामंजूर. मेडिकल बोर्डाने अपंगत्व तीस टक्के लिहिले, हवे होते चाळीस. माझा धाकटा भाऊ! दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात उभं राहून आयुष्य काढलं. मागच्या वर्षी टेम्पोने उडवलं, खुबा मोडला, उजवा पाय कामातून गेला, नोकरीही गेली. आता घर चालतं ते त्याच्या बायकोच्या, अर्चनाच्या, शिलाई मशीनवर. तिचेही डोळे दुखायला लागलेत. आणि सरकार म्हणतं, तीस!
संकल्प: अपील मी लिहिणार. बोर्डापुढे बोलणार मीच. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, सभा गाजवल्या, ते कशासाठी?

५ फेब्रुवारी
अर्चना म्हणाली, "अण्णा, या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल." तिला माझी दगदग बघवत नाही.
शिवाय तिचं म्हणणं असं, की मागच्या बोर्डात डॉक्टरांनी सदाशिवला जिना चढता येतो का विचारलं, तेव्हा उत्तर मी दिलं. दिलंच. "चढतो की! आमच्या घरात कुणी कुणावर अवलंबून नाही." यात खोटं काय? चढतो तो. बसून, कठड्याला धरून, अंग ओढत, एकेक पायरी. कसा चढतो हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी
अपील तयार. सुरुवात ग्रीक नगरराज्यांपासून. मध्ये मानवी प्रतिष्ठेवर एक प्रकरण. सदाशिवचा खुबा चौदाव्या पानावर येतो, पण येतो तेव्हा प्रभावी येतो.
ऑफिसातल्या क्लार्कने बाड हातावर तोललं आणि कानडीत म्हणाला, "मास्तर, नाल्कु सालु साकु." चार ओळी पुरे म्हणे! शेवटी त्यानेच चार ओळी लिहिल्या, अर्चनाने त्यावर सदाशिवची सही आणून दिली. माझी पानं त्याने "असू देत, जोडतो" म्हणून टेबलाखाली ठेवली. दप्तरी नोंद झाली हे महत्त्वाचं.

१६ फेब्रुवारी
मूळ चूक सापडली. मागच्या वेळी सदाशिव गेला तो लुंगीवर, दाढी वाढलेली, वॉकरवर वाकलेला. अशा माणसाला लोक दया दाखवतात, हक्क देत नाहीत. आपण भीक मागायला चाललो नाही!
प्लॅन: इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, वॉकर खुर्चीपाशी सोडायचा. मान वर. रोज सकाळी त्याच्या घरी अंगणात सराव.
कुसुमने विचारलं, "अहो, पाय चालत नाही हे दाखवायला चाललात, की चालतो हे?" बायको म्हणून कुसुम चांगली आहे. वैचारिक बैठक नाही.

२० फेब्रुवारी
प्रगती उत्तम. सदाशिव भिंतीपासून नळापर्यंत वॉकरशिवाय आला. ओठ पांढरे पडले होते, शर्ट घामाने भिजला. मी टाळ्या वाजवल्या. शेजारचा नागोजी रिक्षा पुसत होता. म्हणाला, "काय अण्णा, ऑलिंपिकला पाठवताय काय?" असल्या लोकांमुळेच समाज मागे राहिला.
आत अर्चनाचं मशीन थांबलं होतं. ती दारात येऊन बघत होती. नीतिधैर्य म्हणतात ते हेच.

२३ फेब्रुवारी
सदाशिवचा खुबा सुजला. सरावाला सुट्टी, फक्त आजच्या दिवस. व्यायामाने सुरुवातीला दुखतंच. माझाही घसा भाषणाच्या तयारीने बसलाय. खडीसाखर आणली.

२६ फेब्रुवारी
सुट्टी चालू. सूज आहे. पण सदाशिव तक्रार करत नाही. विचारलं तर म्हणतो, "बरं आहे, अण्णा." मग बरंच असणार.

११ मार्च, सकाळी
आज बोर्ड. भाषण पाठ. पहिलं वाक्य ऐकूनच तिघे डॉक्टर पेन खाली ठेवतील.

११ मार्च, संध्याकाळी
पहिलं वाक्य पुरं झालं नाही. मधल्या खुर्चीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नीवु होरगं कुंदर्री." बाहेर बसा! मला! मी बसलो नाही. बाहेर उभा राहिलो, निषेध म्हणून. दार अर्धं उघडं होतं.
बाईंनी सदाशिवला चालून दाखवायला सांगितलं. हवं तर वॉकर घ्या, असंही म्हणाल्या. सदाशिवने दाराकडे पाहिलं. मी हनुवटी वर केली, सरावात करायचो तशी. त्याने वॉकर सोडला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. ताठ! हूं की चूं नाही. बाईंनी विचारलं, "दुखतं का?" तो म्हणाला, "नाही."
माझे डोळे भरून आले. बोलायला दिलं नाही, तरी आज मी जिंकलो. अर्चना बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. तीही भारावली असावी.

२ एप्रिल
अपील फेटाळलं. तीसचे वीस केले. शेरा: आधाराशिवाय चालतो.
वीस! म्हणजे होते त्यातलेही दहा गेले. ही सूडबुद्धी आहे. संकल्प: हायकोर्ट. धारवाडला बेंच आहेच. उद्या सदाशिवला सांगतो. रिटचा मसुदा मीच करीन, वकील फक्त सहीला.

३ एप्रिल
सदाशिवकडे गेलो. बोर्डाच्या दिवसापासून तो खाटेवरच आहे, हे आज कळलं. अर्चनाने चहा दिला. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.
हायकोर्टाचं सांगितलं. सदाशिवने सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, अरे, दुखत होतं तर बाईंना 'नाही' असं का म्हणालास? भिंतीकडे बघत म्हणाला, "तुम्ही दारात होता ना, अण्णा. तुमच्यासमोर कसं लंगडायचं?"
 प्रतिष्ठा, विषय माझाच होता. मी चहा संपवला.
मग मी बसूनच राहिलो. तो अंथरुणात चुळबुळ करत होता, घड्याळाकडे बघत होता. अर्चना दोनदा दाराशी येऊन गेली. काही हवंय का, मी विचारलं. "नको, अण्णा, बसा तुम्ही." आणखी थोड्या वेळाने कळलं, त्याला संडासला जायचं होतं. मी तिथे असेपर्यंत तो उठणार नव्हता.
काम आहे म्हणून निघालो. चपला घालतो तोच आत वॉकर सरकल्याचा आवाज आला.