उसवाउसवीची गोधडी

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घर बदलताना माळ्यावरच्या पेटीत आपली अर्धी गोधडी सापडली. तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या चिंध्यांची, मी नोकरीला लागल्यावर तशीच राहून गेलेली. कडेच्या टाक्यांच्या ओळी तुझ्या, मधला भाग बोडका. आता ती पुरी करायचं मनावर घेतलंय.

बाबा सांगत होते, आजारपणानंतर तुझा उजवा हात थरथरतो, म्हणून तू सुयांचा डबा वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना देऊन टाकलास आणि दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवतेस. नावं खुशाल ठेव, पण डबा का दिलास? हाताला काम दिलं नाही तर बोटं आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलंय ना?

गोधडी सोबत पाठवतेय. तू काही करू नकोस. मी चार ओळी घातल्यात, त्या नुसत्या बघ. मला तरी झकास वाटतात.

लोभ असावा, टोमणे थोडे कमी असावेत.
तुझी,
खार

ता. १९ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

पार्सल उघडलं आणि लगेच झाकलं. ह्या ओळी म्हणायच्या, की दोरा तोंडात धरून मांजर पळालं होतं? तू लोकांचे नकली दात बनवतेस ना? तेही असेच बसवत असशील तर बिचारे पातळ पिऊनच दिवस काढत असतील.

सुई मी धरणार नाही, हे तुझ्या बाबालाही सांगून झालंय. ज्या हाताने जन्मभर सरळ शिवलं, त्याच हाताचं वेडंवाकडं मला बघवणार नाही. म्हणून गोधडी खुर्चीवर ठेवून दिली होती. पण नर्सबाई माझ्या बोटांचे व्यायाम घ्यायला आल्या आणि तुझ्या ओळी बघून वा वा करायला लागल्या! तेवढं मात्र सहन झालं नाही. डबा परत मागवला, फक्त उसवण्यापुरता. उसवायला हात स्थिर लागत नाही, राग पुरतो. सगळं काढून परत पाठवतेय. नीट घाल.

टोमणे कमी होणार नाहीत, लोभही नाही.
आत्या

ता. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग मान्य. पुन्हा ओळी घातल्या, आणि या खेपेला जरा जास्तच. शेजारीण बघायला आली होती. हे तुला कोणी शिकवलं, असं तिने विचारलं. मी अभिमानाने तुझं नाव सांगितलं. तिने बराच वेळ गोधडीकडे पाहिलं आणि विषय बदलला.

लोभ असावा, निदान शेजाऱ्यांसमोर.
तुझी,
खार

ता. २६ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

लबाड कुठली! तू खरंच चुकतेस तेव्हा टाके लांब लांब होत जातात, कारण तुला उरकायची घाई असते. हे टाके वाकडे आहेत, पण एकजात बारीक. कोणी इतक्या काळजीने चुकतं का? बसून, जीभ बाहेर काढून, एकेक वाकडा घातलेला दिसतोय. मला इतकी वर्षं काय डोळे झाकून शिवताना पाहिलंस?

उसवलं सगळं. मग रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागली. वर माझं नाव तुझ्या शेजारणीच्या कानावर गेलेलं. तेव्हा आता कडेपासून आतल्या ओळी बघ. त्याही वाकड्या आहेत. त्या मी घातल्यात, पण मुद्दाम वाकड्या नाहीत. बघून हसू आलं तर हस, पण मला कळवू नकोस.

आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही.

मग सुई घेतली आणि तुझ्या ओळीला लागून माझी ओळ घातली. तू जिथे वळलीस तिथे वळले, तू थरथरलीस तिथे मीही. त्याच्या आत आणखी एक, त्याच्या आत आणखी एक. आता ते वाऱ्याने हललेल्या पाण्यासारखं दिसतं. शेजारीण नमुना मागायला आली होती. मी सांगितलं, आमच्या घराबाहेर तो कोणाला जमत नाही.

मधला तळहाताएवढा तुकडा राहिलाय. तो पोस्टाने होणार नाही. शनिवारी गोधडी घेऊन मीच येतेय. डबा तयार ठेव. आणि नर्सबाईंवर रागावू नकोस. त्या दिवशीचं वा वा मीच त्यांना फोनवर पढवलं होतं.

लोभ आहे, तो तेवढा उसवू नये.
तुझी,
खार