मोकळी झालेली पाठ

कोलफॅक्स
रविवार, ५ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ऑरिन,

पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. त्याचं कारण शेवटी लिहितो.

इकडे सगळं ठीक आहे. दवाखान्यामागच्या टेकडीवर हिवाळी गहू चांगला वर आलाय, तुझाही आला असेल. टेस मजेत आहे. पहिले दोन दिवस दारापाशीच बसून होती, आता जेवते. माझी ज्युडिथ म्हणते, "तुझ्यापेक्षा ही कुत्री घरात जास्त बोलते."

काल स्पोकॅनला गेलो होतो. आम्हा कायरोप्रॅक्टर लोकांना परवाना चालू ठेवायचा तर आत्महत्या रोखण्याचं तीन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मी ते टाळत आलो होतो. का, ते तुला सांगायला नको. पण मुदत संपत आली होती.

हॉलमध्ये चाळीसएक जण, सगळे मणके बसवणारे. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आपलं काम मानेपर्यंत. त्याच्या वरचं दुसऱ्या डॉक्टरांनी बघावं." सगळे हसले. मीही हसलो. शिकवायला इबारा नावाच्या नर्सबाई होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पालथा झोपलेला माणूस तुमच्याशी जे बोलतो, ते तो बायकोशीही बोलत नाही. तोंड जमिनीकडे असतं ना. तुम्ही ऐकता का?"

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला वाला वाला नावाच्या गावातल्या डॉ. मर्टल आल्या. वय ऐंशीच्या घरात, अजून काम करतात. एकमेकांना सरळ प्रश्न विचारायचा होता : तुम्ही जीव देण्याचा विचार करताय का? 'तसलं काही मनात नाही ना' असं आडून विचारायचं नाही. मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल रे बाबा, या कानानं मला ऐकू येत नाही."

पुन्हा विचारलं.

"अजून मोठ्यानं. लाजतोस काय?"

तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की अख्खा हॉल वळून बघायला लागला. मर्टलबाई म्हणाल्या, "नाही. पण विचारलंस ते बरं केलंस. नवरा गेल्यापासून सगळे नुसते केक आणून देतात, विचारत कुणी नाही."

हसलास तरी चालेल. आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते लिहितो.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी लायल माझ्याकडे आला होता. वर्षभर त्याचे खांदे दगडासारखे होते. कितीही दाबा, हलायचे नाहीत. त्या दिवशी पाठ एकदम मोकळी. हात ठेवला आणि मणका बसला. तो उठून म्हणाला, "वेंडेल, आता काही दुखत नाही बघ." मी त्याच्या कागदावर 'खूप सुधारणा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तुला फोन करून फुशारकीही मारली, आठवतं? "गोळ्यांनी नाही, माझ्या हातांनी बरा झाला आपला धाकटा."

रविवारी लायलने जीव दिला. आठ महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. आपण दोघंही 'ते झालं तेव्हा' एवढंच म्हणतो.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस, "दोन दिवस आधी तुझे हात होते त्याच्या पाठीवर. हातांना काही कळलं नाही?" त्यानंतर तू यायचा थांबलास.

काल इबाराबाई म्हणाल्या, "फार दिवस ओझ्याखाली असलेला माणूस एकाएकी हलका झाला, तर लगेच खूश होऊ नका. कधी तो खरंच बरा होत असतो. कधी त्यानं आत काहीतरी ठरवलेलं असतं. विचारल्याशिवाय कळत नाही."

मी पेन खाली ठेवलं. हातांना कळलं होतं, ऑरिन. मी त्याचं श्रेय घेऊन मोकळा झालो.

आणि मग मला गेला मंगळवार आठवला. आठ महिन्यांनी तू दवाखान्यात माझ्या टेबलावर येऊन झोपलास. सुगीभर कमरेत वाकून चालणारा तू, आणि पाठ मोकळी. "म्हाताऱ्या, हात अजून चालतात की तुझे," म्हणालास. जाताना टेसचा पट्टा माझ्या हातात दिलास. "तुझ्याकडे बरी राहील." लायलची कुत्री, जिला मार्चपासून तू कुणाला हात लावू दिला नव्हतास. मला वाटलं, तू मला माफ केलंस. घरी येऊन ज्युडिथला तसं सांगितलंही.

काल हॉलबाहेर येऊन तुला फोन केला तो यासाठीच. तू म्हणालास, कापणीचं कंबाइन धुतोय. मर्टलबाईंना ओरडून विचारलेला प्रश्न मला तुला विचारता आला नाही. मी विचारलं, "पाठ कशी आहे?" तू म्हणालास, "उत्तम." मी फोन ठेवला.

म्हणून हे पत्र मीच घेऊन आलोय. मला बोलायला जमत नाही, हे तू लहानपणापासून बघतोयस.

ऑरिन, तू जीव देण्याचा विचार करतोयस का?

'नाही' असेल तर मला मूर्ख म्हण, वाटेल ते बोल. मी आनंदाने ऐकेन. 'हो' असेल तर मी ओरडणार नाही, उपदेश करणार नाही आणि उठून जाणार नाही. बंदुकांच्या कपाटाची किल्ली तेवढी काही दिवस माझ्याकडे दे. इबाराबाईंनी दिलेल्या कार्डावर मदतीचा एक नंबर आहे, तो आपण मिळून लावू. बाहेरच्या खोलीतला सोफा मला पुरेल. टेसला तिची जागा माहीत आहे, ती गाडीतून माझ्याआधी उतरली असेल.

अवघड काही वाचताना तू चष्मा पुसत बसतोस. पूस सावकाश. कॉफी थंड झाली तर मी दुसरी करतो.

या पत्राला उत्तर लिहायचं नाही. फक्त मान वर कर.

टेबलापलीकडे बसलेला,
तुझा भाऊ
वेंडेल