घर सोडणार नाही

२ मार्च, सोमवार
पडले. समुद्रावरून येऊन दारातल्या दगडावर ओला पाय ठेवला आणि सपशेल आडवी! कुणी पाहिलं नसतं तर आत जाऊन बसले असते गुपचूप. पण मागोमाग शेजारची युडीन येत होती, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत हॅलमचा फोन.

३ मार्च
हॅलम आला. एकुलता एक मुलगा, त्यात बाप गेल्यापासून माझाच बाप झालाय. “आई, पुरे झालं आता. एकोणऐंशीची आहेस. माझ्याकडे चल.”
म्हटलं, “तुझ्या सिमेंटच्या खोक्यात? हे घर मी सोडणार नाही. काय व्हायचं ते इथंच होईल.”
भांडेल वाटलं होतं. तो छताकडे बघत राहिला.

४ मार्च
गुडघा नीरफणसाएवढा.

७ मार्च
खिडकीची कड धरून उठबस करते. रोज थोडी. मधेच पाय दगा देतो आणि खुर्चीत धपकन् बसते. आज झग्याची मागची बटणं लागेनात. युडीनने लावली. ती बोलत होती, मी भिंतीकडे बघत होते. इतकी लाज बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

पहाटे बाया समुद्रावर जाताना आवाज येतात. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, डोक्यावर हॅट, पाय मारत गावाची उणीदुणी काढायची – गेली तीस वर्षं हेच माझं औषध. पाण्यात गुडघ्यांवर माझं ओझं नसतं. ते पाणी नसेल तर हे अंग गंजेल, मला पक्कं ठाऊक आहे. आणि अंग गंजलं की हॅलमच जिंकला.

१० मार्च
गेले! काठी टेकत, एकटी. वाळूत दोनदा थांबले. पाण्यात शिरले आणि रडूच आलं.
युडीन म्हणाली, “ये गं म्हातारे. इथं मेलीस तर निदान धुतलेली मरशील.”
परत आले ती आपल्या पायांनी. बटणंही लागली.

१२ मार्च
हॅलम सुतार घेऊन आला – यीअरवूड म्हणून आहे. त्याने फळ्या ठोकून पाहिल्या, वाकून घराखाली पाहिलं, मान डोलावली. म्हणजे डागडुजी! मी दोघांना मक्याच्या पिठाचं कुकू घोटून वाढलं, भेंडी जरा जास्त घालून, हॅलमला आवडतं तसं.
“आई, तुला घर सोडायचं नाही ना? मग नाही सोडायचं. शनिवारी काम उरकतो.”
त्याचा हात धरला मी. उगाच वाईट बोलत होते पोराला. काम काय ते विचारलंसुद्धा नाही.

१४ मार्च, शनिवार
ट्रक आला.

आमच्या बेटावरची लाकडी घरं दगडांवर नुसती ठेवलेली. जागा बदलली की घर खोलून बरोबर न्यायचं, आजाच्या काळापासून असंच. मला काय हे ठाऊक नव्हतं? तरी सुचलं नाही. मला रस्त्याकडेला खुर्चीवर बसवलं आणि माझ्यासमोर भिंती उतरवल्या. मी “थांबा” म्हटलं, दोनदा. हातोड्यांत कुणाला ऐकू येणार? हॅलम घामाने निथळत होता आणि इतका खूश! “बघ आई, तुझाच शब्द राखला. घर सोडलं नाहीस तू.”
शब्द माझाच होता. युडीन मात्र त्याला तोंडावर म्हणाली, “गाढवा.” तो हसला.

संध्याकाळी घर त्याच्या परसात उभं. पलंग जिथल्या तिथं, पडदेसुद्धा.

१५ मार्च
पहाटे जाग आली. टॉवेल खांद्यावर टाकून दार उघडलं. समोर ऊस, लांबपर्यंत ऊस.
हॅलम कुंपणाशी उभा होता. “आई, तिकडे काही राहिलं का गं? जाऊन आणतो.”
“नाही रे,” म्हटलं.