मामांच्या काटेरी खांबाचं नाव

महाळुंगे, शनिवार

ती. भिवामामांना संघर्षचा सप्रेम जय भीम. दीक्षाताईलाही सांगा.

गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? (फोनवर विचारलं की तुम्ही "बरंय" म्हणून ठेवून देता, म्हणून हे कागदाचं काम. आमचा ज्योतीराम गाडी घेऊन उदगीरला निघालाय, त्याच्या हाती देतोय.)

मामा, इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. रिटायर होताना तुम्ही कंपनीच्या कॅन्टीनमागे तो कुंडीतला काटेरी खांब माझ्या भरवशावर ठेवून गेलात ना, त्याला लाल टॅग लागलाय. तुम्हाला नियम ठाऊकच आहे, ज्या वस्तूवर नाव नाही ती भंगारात. मग तो मोडका स्टूल असो, नाहीतर तुम्ही वीतभर असल्यापासून वाढवलेलं झाड असो. मंगळवारी ऑडिट आहे. आमचे नवे साहेब रणजीत सर म्हणजे असे, की त्यांनी माठावरसुद्धा "माठ" असं लेबल लावलंय. (इतकी वर्षं बिचारा लेबलाशिवायच पाणी गार करत होता.) मी म्हटलं, सर, "कॅक्टस" लिहून टाकतो. तर म्हणाले, असं मोघम चालणार नाही, स्पेअर पार्टवर आपण नुसतं "लोखंड" लिहितो का? पूर्ण नाव पाहिजे.

आता आली का पंचाईत! मोबाईलवर फोटो काढून विचारलं, तर समोरून एक नाव, बाजूने दुसरं. तिसऱ्यांदा त्याने झाड सोडून मागचा विजेचा खांबच ओळखला. मग पिंपळे सौदागरला नर्सरीवाल्या नीलाताईंकडे पळालो. (ओव्हरटाइम बुडवून, हे लक्षात असू द्या.) त्या म्हणाल्या, फूल बघितल्याशिवाय पक्कं नाव सांगणार नाही, पण आधी टोचून बघा. पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नव्हेच, कुंपणाला लावतात त्या शेराच्या कुळातला आहे. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

काल जेवणाच्या सुट्टीत चष्मा, हातमोजे चढवले आणि टोचलं. आला की हो चीक! निम्मं तरी ओळखलं म्हणून मी आनंदाने ओरडलो, आणि नेमक्या मागे सेफ्टीच्या नेहा मॅडम. हे काय गळतंय, म्हणाल्या. मी आपला शहाण्यासारखा सांगून बसलो, डोळ्याला वाईट असतं मॅडम. झालं! लाल टॅगशेजारी पिवळी फीत बांधून गेल्या, "धोकादायक पदार्थ". म्हणजे नाव नाही सापडलं तर भंगार, आणि सापडलं तर विषारी म्हणून गेटबाहेर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

रागावू नका मामा, मला नुसतं रडू यायचं बाकी आहे. तिसरी शिफ्ट करून डोळे तारवटलेले असायचे तरी तुम्ही आधी त्याला बघायचात, मग घरची बस पकडायचात. ते भंगाराच्या टेम्पोत चढताना मला बघवणार नाही. मामी त्याला काय म्हणायची, गावाकडे त्याचं नाव काय, आठवून बघा. डोकं चालेनासं झालंय राव माझं.

तुमचा भाचा,
संघर्ष

ता. क. रणजीत सरांनी एक वाट काढलीय. टॅग लागलेल्या वस्तूचा मालक स्वतः येऊन उभा राहिला तर वस्तू सुटते. मी तुमचं नाव दिलंय. गेटपास तयार आहे. ज्योतीराम सोमवारी सकाळी परत निघेल, पुढची सीट तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय.

आणखी एक. मामी गेल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, असं दीक्षाताई रडत सांगत होती. झाडाचं काय हो, अगदीच वेळ आली तर दोघं मिळून कुंडीसकट उचलू आणि पिंपळे गुरवला माझ्या गॅलरीत नेऊन ठेवू. तुम्हाला कसं उचलून आणू, मामा?