दुपारची मॅच

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). भाऊजींनी दाढ काढली, की अजून तिला धमक्या देण्यावरच भागतंय? तुझी पाठ कशी आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल, असं लिहायला घेतलं आणि पेन अडलं. तेव्हा खुशालीचं नंतर बघू. तुझी लेक मात्र ठणठणीत आहे, पोटभर जेवते, आणि आज सकाळी जिना उतरताना "आई गं!" म्हणून कळवळली. तू म्हणशील, त्यात काय लिहिण्यासारखं? तेच सांगतो.

मी कोच आहे त्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळायला मिळावं म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलीस. या मुली सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बघाव्यात. पोटऱ्या धरून बसतात, उठताना एकमेकींना ओढतात, एकीला शिंक आली की मांडी भरून येते म्हणून बाकीच्या हसतात, आणि हसताना पोट दुखतं म्हणून रडतात. कपडे बदलायच्या खोलीत असा कण्हण्याचा कल्ला, की जाणाऱ्या-येणाऱ्याला प्रसूतिगृह वाटावं. अशात एक दिवस मैदानावर एक गृहस्थ आला. कडक इस्त्री, मऊ आवाज, हातात प्रोटीन पावडरचे डबे. "मुली दमतात ना, सर?" म्हणाला. "आता दमायचं काही कारण नाही." डबे फुकट देऊन गेला. (फुकट म्हटलं की माझी अक्कल चरायला जाते, हे तुला मी काय सांगू!) आमच्या फिजिओबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला. "या वयात दूध, अंडी, नीट जेवण आणि झोप पुरते. यात काय आहे ते लिहिलेलंसुद्धा नाही." मी म्हटलं, बाई, छापायचं राहिलं असेल.

थोड्याच दिवसांत कण्हणं थांबलं. आधी मला आनंद झाला. सामने जिंकत सुटलो. पण ताई, खेळून आलेल्या मुलींची खोली गप्प असते तेव्हा कशी वाटते, ते तुला कळायचं नाही. सगळ्या ओळीने बसलेल्या, चेहऱ्यावर तेच ते मंद हसू, आणि कुणाला धाप नाही. समोरच्या संघाची कॅप्टन मध्यंतरात माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, तुमच्या मुली श्वास कधी घेतात?" मी हसून साजरं केलं. मग आमची गोलकीपर (तिला सगळे भिंत म्हणतात) माझ्याकडे आली. "सर, हातमोजा का जात नाहीये बघा ना." बघितलं तर करंगळी मागच्या बाजूला वळलेली. पार मागे. आणि ती हसतेय! फिजिओबाईंनी बोट सरळ केलं तेव्हा ओरडलो तो मी.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी तुझी लेक आमच्या सोफ्यावर झोपली होती. मी पेपर वाचत होतो. बघतो तर तिचे पाय धावताहेत. डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि पाय आपले धावताहेत. स्वप्न असेल म्हणून गंमत सांगायला भिंतीच्या आईला फोन लावला. ती माउली हळू आवाजात म्हणाली, "आमची पण झोपलीय. हात पुढे करून काहीतरी अडवतेय." इतक्यात इकडे भाचीने टाच मागे मारली, मागे पास देताना मारतात तशी, आणि तिकडून आई म्हणाली, "झेललं हो काहीतरी!" मग दोन्ही घरी एकदम शांत. भाचीचे पाय थांबले आणि झोपेतच ओठ हलले, "गोल झाला."

"कुणाचा?" मी विचारलं. (अंगावर सरसरून काटा आला तरी कोचच्या तोंडून दुसरं काय निघणार?)

"त्यांचा. मामा, त्यांच्यात कुणी दमतच नाही. आम्ही केव्हाच्या खेळतोय."

मी त्या गृहस्थाला फोन लावला. पलीकडून कुणी बोललं नाही. नुसता गर्दीचा आवाज येत होता, भरलेल्या मैदानावर असतो तसा, फार लांबून.

दुसऱ्या दिवशी सगळे डबे गोळा करून फिजिओबाईंच्या ताब्यात दिले. त्यांनी तपासून आणले, तर आत साधी दुधाची भुकटी निघाली. (विष निघालं असतं तर निदान जिवाला स्वस्थता लाभली असती.) पावडर बंद झाल्यावर मुली मेल्यासारख्या झोपल्या, हातपाय न हलवता. मग पुढचा सामना असा सपाटून हरलो की विचारू नकोस. पण दुसऱ्या दिवशी खोलीत शिरलो तर भिंत करंगळी धरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, बाकीच्या तिला साथ देत होत्या, आणि मी दारात उभा राहून डोळे पुसत होतो.

भाऊजींना नमस्कार. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. मुलींना देण्याआधी चव बघावी म्हणून मीही ती पावडर घेत होतो. जरा जास्तच घेतली. तुझी वहिनी म्हणते, दुपारी झोपेत मी गाल फुगवून शिट्टी फुंकतो आणि हात वर करून कुणाला तरी थांबवतो. मुली तर कधीच्या थांबल्या. मग मी कुणाला थांबवतोय? तू चार दिवस येऊन जा. लेकीला भेटायचं निमित्त कर.

ता. क. वन्सं, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून मी हे खाली लिहितेय. काल दुपारी ह्यांनी झोपेतच एक लांब शिट्टी फुंकली. मला वाटलं, सुटलो, संपली मॅच. मग हे उजवा हात पुढे करून एकेकाशी हस्तांदोलन करू लागले, मान लववून, अगदी अदबीने. रांग काही संपेना. शेवटी एके ठिकाणी हात तसाच अडकून राहिला. मी दोन्ही हातांनी ओढला तेव्हा सुटला. बोटांवर वळ आहेत. निमित्त वगैरे काही शोधत बसू नका, लगेच निघा.