पातीवरचं मेण

नाशिक, ४ जानेवारी २०२५

ती. सौ. सिंधुआत्यास योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून कॉलेजातलं सगळं पत्रात लिहावं लागतं. परीक्षेत एवढं लिहिलं असतं तर पहिली आले असते! कांद्याच्या पातीवर औषध का ठरत नाही, असं तू विचारलंस. पातीवर मेणाचा पातळ थर असतो. मेण, तेल, तूप असे पाण्याला जवळ न येऊ देणारे पदार्थ, त्यांना आम्ही जलविरोधी म्हणतो. प्रयोगशाळेत पाण्यात साबण मिसळला, तर थेंब पातीवर सपाट पसरला. पुंजामामांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी योगिनी

सिन्नर, २६ जानेवारी

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामांनी दोनदा वाचलं आणि बियाण्याच्या कांद्यावर फवारताना प्रत्येक पंपात मूठभर धुण्याची पावडर टाकली. औषध असं चिकटलं की म्हणाले, पोरगी लय हुशार निघाली. आठ दिवसांत पातीची निळसर झाक गेली. मग तीन दिवस धुई पडली, दाट धुक्यात बांध दिसेना, आणि करपा आला. फुलांचे गोंडे माना टाकताहेत. हे बी मामांच्या आईने, माझ्या सासूबाईंनी दिलेलं, तीस वर्षं आम्ही घरीच धरतो. दुसऱ्या कुणाकडे नाही. मामा धड जेवत नाहीत, माझा जीव थाऱ्यावर नाही. काय चुकलं ते लवकर कळव.

तुझी आत्या

नाशिक, ३० जानेवारी

ती. आत्यास सा. न.

चूक माझी. ते मेण म्हणजे पातीचं पांघरूण. दव अंगावर साचू नये, रोग आत शिरू नये म्हणून असतं. साबणाने तेच धुऊन निघालं. किती घालायचं हे मला ठाऊकच नव्हतं, नुसतं मिरवायला लिहिलं. आता साबण बंद करा, करपलेल्या पाती काढून लांब टाका. एखादी ओळ फवारायची राहिली आहे का? शनिवारी येते. तोंड दाखवायची लाज वाटते, तरी दार उघड.

योगिनी

सिन्नर, २४ एप्रिल

चि. योगिनीस आशीर्वाद.

पंप संपला म्हणून बांधालगतची अर्धी ओळ सुटली होती, तू पाहिलीस ती. तेवढीच तगली. बाकीचं मामांनी उपटलं आणि दोन दिवस शेताकडे फिरकले नाहीत. सतरा गोंड्यांचं मूठभर बी निघालं. उगवेल का, देव जाणे. एकाच घरात ठेवायची आता भीती वाटते, म्हणून अर्धं तुला पाठवते. मामांनी विचारलं, तिच्याकडे कशाला? मी म्हटलं, आता तिच्याइतकं कुणी जपायचं नाही.

वळवाचे दिवस आहेत. टपालात भिजू नये म्हणून पाकिटावर मेणबत्ती घासली आहे. वर पाणी टाकून पाहिलं, थेंब घरंगळून गेला. पत्र मिळाल्याचं कळव, आणि आत्याला विसरू नकोस.

तुझी आत्या